सूर संपेपर्यंत ऐकणारी मुलगी

जळगावच्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी दहा वर्षांची, दोन वर्षांपासून कीबोर्डच्या क्लासला जाते, टीव्हीवर ऐकलेलं गाणं दुसऱ्या दिवशी वाजवून दाखवते. क्लासचे सर म्हणाले, "हिला खऱ्या पियानोवर बसवा, पोरीत काहीतरी आहे." तर जळगावात राहून मूल पियानोच्या मैफली करणारं कलाकार होऊ शकतं का, त्यासाठी काय करावं लागेल, आणि 'काहीतरी आहे' म्हणजे नेमकं काय, ते आईवडिलांनी कसं ओळखायचं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी भुसावळची. आठव्या वर्षी पियानोला हात लावला, सव्वीस वर्षं मुंबईत वाजवलं आणि शिकवलं, २००१ पासून पुन्हा भुसावळला आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर मला एका नऊ वर्षांच्या मुलीने दिलं आणि ते मी अजून विसरलेले नाही.

२००३ चा जून होता. अमळनेरकडचे एक गृहस्थ सुरत-भुसावळ पॅसेंजरने मुलीला घेऊन आले. ते वायरमन. मुलीचे आजोबा गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि ही बसायला लागली तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून भाता हलवायची. तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. मी म्हटलं, "बस, काय येतं ते वाजव." तिने काहीच वाजवलं नाही. मधली एक पांढरी पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. मान थोडी कलती, नजर लाकडावर. मला वाटलं, बुजली असेल. दहा सेकंद गेले, वीस गेले. वडील चुळबुळ करायला लागले. सूर पार विरून गेला तेव्हा तिने बोट उचललं आणि माझ्याकडे बघून अहिराणीत विचारलं, "मॅडम, हाऊ सूर मरी जास का?"

"अगं, नीट बोल ना," वडील संकोचून म्हणाले. मी त्यांना हाताने थांबवलं. तोवर मला पियानो वाजवायला लागून छत्तीस वर्षं झाली होती. मुंबईत कितीतरी मुलं हाताखालून गेली होती. पहिल्याच मिनिटाला पियानोच्या मर्मावर बोट ठेवणारं एकही मूल मला भेटलं नव्हतं.

कारण हेच तर मर्म आहे. पेटीचा सूर भात्यावर जगतो. वारा देत राहा, तो वाढवता येतो, कमी करता येतो, हवा तेवढा वेळ धरता येतो. पियानोची पट्टी दाबली की आत नमद्याने, म्हणजे दाबलेल्या लोकरीने, मढवलेली लाकडी हातोडी तारेकडे फेकली जाते, आणि तारेला लागण्याच्या क्षणभर आधी पट्टीशी असलेला तिचा संबंध सुटतो. हातोडी आदळून मागे येते, तार मोकळी वाजत राहते. इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास ही युक्ती बसवली आणि आजही पियानो त्याच तत्त्वावर चालतो. म्हणजे पट्टी दाबून झाली की सूर तुमच्या हातात उरत नाही. हातोडी किती वेगाने गेली एवढंच तुमचं, पुढे सूर फक्त मावळत जातो. पियानोवाला आयुष्यभर या मावळणाऱ्या सुरांना एकमेकांत गुंफत असतो. ते गुंफणं जमलं तर पियानो गातो, नाही जमलं तर टंकलेखन यंत्रासारखा खडखडतो.

तुमची मुलगी ऐकलेलं गाणं वाजवून दाखवते, हे चांगलं लक्षण आहे. पण खरं सांगायचं तर असं करणारी चार-पाच मुलं दर वर्षी माझ्याकडे येतात. मी वेगळं काही शोधते. मूल आपणच काढलेला आवाज ऐकतं का? एखादी ओळ कोणी न सांगता पुन्हा वाजवतं का, चूक झाली म्हणून नव्हे तर मनासारखी आली नाही म्हणून? शेवटचा सूर वाजला की लगेच तुमच्याकडे शाबासकीसाठी बघतं की तो सूर संपू देतं? घरात बसल्या बसल्या तुम्हाला हे पाहता येईल. आठवडाभर काही न बोलता पाहा.

त्या मुलीचा कान कसा होता त्याची आणखी एक गोष्ट. दोनेक महिन्यांनी सा आणि ग एकत्र दाबून ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या पियानोचा गंधार चढा आहे." मी आदल्याच महिन्यात मुंबईहून ट्यूनर बोलावून पियानो जुळवून घेतला होता. पण तिचं बरोबर होतं. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो. एक सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांना हे पुस्तकात वाचून माहीत असतं, कानाला जाणवतंच असं नाही. हिला कसं जाणवलं? आजोबांची पेटी गंधार ट्यूनिंगची, म्हणजे नैसर्गिक गंधाराला जुळवलेली होती. ते स्वतः बारीक कानस घेऊन सूर घासायचे. पेटीच्या आतल्या पितळी रीडचं टोक घासलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. ही पोर शेजारी बसून "अजून, अजून, बस" म्हणायची. नऊ वर्षांच्या मुलीचा असा रियाज कुठल्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही.

खानदेशात असं मूल निघतं याचं मला नवल वाटत नाही. बालगंधर्वांचं लहानपणीचं काही गाण्याचं शिक्षण जळगावात झालं. संगीत नाटकांत पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजायचा, तो आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकलेला होता. पट्ट्यांचं वाद्य इथे परकं कधीच नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला येता येईल.

माझे वडील रेल्वेत गार्ड. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. आमच्या मागच्या ओळीत एक वयस्क बाई राहायच्या, आम्ही सगळी पोरं त्यांना मिस म्हणायचो. रविवारी चर्चमध्ये वाजवायच्या, बाकी दिवशी मुलांना शिकवायच्या. १९६७ मध्ये आईने माझा हात धरून त्यांच्याकडे नेलं. मिसला मराठी तोडकंमोडकं येई, आईला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. फीचं काय ठरलं कोण जाणे, पण आई दर महिन्याला उडदाचे पापड आणि बिबडे घेऊन जायची हे आठवतं. मिसचा एकच नियम होता, आधी गा, मग वाजव. डाव्या हाताची ओळसुद्धा गायला लावायच्या. पुढे ती कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला गेली. १९७४ मध्ये मिसही निघाल्या. त्यांचा उभा जर्मन पियानो वडिलांनी हप्त्याने घेतला. तोच पियानो आजही माझ्याकडे आहे. त्या मुलीने पहिली पट्टी दाबली ती त्याचीच.

सोळाव्या वर्षी मी मुंबईला मावशीकडे गेले. एका पारशी बाईंकडे शिकले, पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांच्या आठ ग्रेड, म्हणजे आठ पायऱ्या, केल्या, पुढे डिप्लोमा केला. बाहेरून लोकांना कॉन्सर्ट पियानिस्ट म्हणजे काळा लांब पियानो, दिवे आणि टाळ्या दिसतात. माझ्या सगळ्यात भरभराटीच्या वर्षी माझे एकटीचे कार्यक्रम दहाच्या वर गेले नाहीत. बाकी दिवस मी गायकांना आणि व्हायोलिनवाल्यांना परीक्षेत साथ केली, बॅलेच्या वर्गात वाजवलं, हॉटेलच्या लॉबीत वाजवलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले. ऐंशीच्या दशकाअखेर सिंथेसायझर आले तसं ते रेकॉर्डिंगचं काम आटलं. घर चाललं ते शिकवण्यावर. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला यातलं प्रत्येक काम आवडलं आणि प्रत्येकाने माझं वाजवणं सुधारलं. पण तुम्ही मुलीसाठी विचारताय, म्हणून हिशोब स्पष्ट असावा.

अजून एक गोष्ट आईवडिलांना ठाऊक नसते. व्हायोलिन शिकलेल्याला ऑर्केस्ट्रात नोकरी मिळू शकते, तिथे वीस-तीस व्हायोलिनवाले लागतात. पियानोवाल्याला तिथे कायमची खुर्ची क्वचितच असते. २००६ मध्ये मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, फार चांगली गोष्ट झाली, पण पियानो शिकणाऱ्या मुलांसाठी त्यातून नोकऱ्या निघाल्या नाहीत. पियानोवाल्याला आपली वाट स्वतः पाडावी लागते.

शिवाय तबलजी आपला तबला घेऊन जातो, व्हायोलिनवाला व्हायोलिन. पियानोवाला रिकाम्या हाताने जातो. कॉन्सर्ट ग्रँड, म्हणजे मैफलीचा मोठा आडवा पियानो, जवळजवळ नऊ फूट लांब आणि पाचशे किलोच्या आसपास वजनाचा, तो कोण उचलणार? प्रत्येक सभागृहात अनोळखी वाद्य. कुठे पट्ट्या जड, कुठे पेडल सैल. एकदा एका सभागृहात कार्यक्रमाच्या मध्यावर एक काळी पट्टी दबली ती वर आलीच नाही. पावसाळ्याचे दिवस, आतलं कापड ओलसर होऊन फुगलेलं. पुढची वीस मिनिटं मी ती पट्टी चुकवत वाजवलं. घरी जाऊन रडले. श्रोत्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं होतं.

पुन्हा मुलीकडे येते.

ती दर शनिवारी यायची, रात्री आमच्याकडे राहायची, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, ती या मुलीची वाट बघायची. घरी सरावाला काय, तर पहिली दोन वर्षं आजोबांची पेटी आणि पुठ्ठ्यावर रेखलेल्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. २००५ मध्ये वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून जुना डिजिटल पियानो घेतला. पण त्याला वीज लागते, आणि त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन रोज कित्येक तास. लाइन रात्री दोनला आली तर वडील तिला दोनला उठवायचे. ती अर्धा तास हेडफोन लावून वाजवून पुन्हा झोपायची. तिला रोज विचारून उठवायचे, "आज नको" म्हणाली तर आग्रह नाही. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

एका शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे ती जर्मन संगीतकार बाखचं छोटं इन्व्हेन्शन वाजवत होती. दोन हात दोन वेगळी गाणी गातात, कोणी कोणाची साथ करत नाही, अशी ती रचना. मध्येच वीज गेली. पावसाळी अंधार, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मी कंदील शोधायला उठले. वाजवणं थांबलं नाही. स्वयंपाकघरात काडी ओढता ओढता मी ऐकत होते, तर लय जराशी उतरली होती आणि आवाज जास्त मऊ झाला होता. दोन्ही गाणी आणखी वेगवेगळी ऐकू येत होती. कंदील घेऊन दारात आले तर डोळे मिटून वाजवत होती. मी कंदील बाहेरच ठेवला. त्यानंतर आम्ही दर शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं दिवा घालवून वाजवायचो. आजही माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी ते करायला लावते, कारण डोळे पट्टीवर असले की कान निम्मे बंद होतात.

अकरा वर्षांची असताना तिने विचारलं, "मॅडम, पियानोवर मींड कशी घ्यायची?" मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. पियानोवर ती घेता येत नाही. तार ताणता येत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर वाद्यात नाहीच. याच कारणाने पेटीलाही आकाशवाणीवर १९४० पासून मज्जाव होता आणि तो १९७१ मध्ये जाऊन सैल झाला. मी तिला सांगितलं की मींड नाही, पण मींडेचा भास आणता येतो. पहिला सूर मावळत मावळत जिथवर आला असेल, नेमक्या तेवढ्याच आवाजात दुसरा सूर लावायचा. जोरात लावलास तर ठोका ऐकू येईल, हळू लावलास तर भोक पडेल. तो जुळला तर ऐकणाऱ्याला वाटतं, एकच सूर सरकला. मोठ्या मुलांना हे उमजायला वर्षं लागतात. ती म्हणाली, "म्हणजे पहिला सूर कुठे आला आहे ते ऐकत राहायचं." आणि वाजवून दाखवलं. ती तर पहिल्या दिवसापासून तेच ऐकत होती.

यानंतर मी जी चूक केली ती सांगायला हवी, कारण तुमच्यासमोरही तो मोह येणार आहे. ती चौदाची झाली. मला वाटलं, हिला आठवी ग्रेड लवकर उरकू द्यावी, म्हणजे डिप्लोमा, म्हणजे परदेशाची शिष्यवृत्ती. उन्हाळ्याच्या सुटीत तिला घरी ठेवून घेतलं आणि रोज पाच-पाच तास बसवलं. त्याच त्या तीन रचना, त्याच स्केल. परीक्षा मुंबईत झाली, डिस्टिंक्शन मिळालं, गावात पेढे वाटले. महिन्याभरात उजवं मनगट सुजलं, पेन धरवेना. डॉक्टरांनी पियानो बंद करायला सांगितलं. खरं म्हणजे मनगट दुखतंय हे तिने मे महिन्यातच सांगितलं होतं आणि मी "थोडं दुखतंच" म्हणून उडवून लावलं होतं. दुखणं हा इशारा असतो. हाताला रग लागणं वेगळं, दुखणं वेगळं, हे मी आता पहिल्याच दिवशी पालकांना सांगते.

पाच महिने ती आली नाही. दिवाळीनंतर आली आणि तिने जे वाजवलं ते परीक्षेतल्यापेक्षा कितीतरी सोपं होतं, पण प्रत्येक सूर जणू विचारून लावलेला. मी विचारलं, "इतके दिवस काय केलंस?" म्हणाली, "डाव्या हाताने भाता, आणि आजोबा वाजवायचे ते ऐकत बसायची." त्या पाच महिन्यांत ती जे शिकली ते माझ्या पाच तासांनी शिकवलं नव्हतं.

२०११ च्या फेब्रुवारीत जळगावात एका शाळेच्या सभागृहात तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम केला. जळगावात चालण्यासारखा पियानो मिळेना, म्हणून माझाच न्यायचं ठरवलं. कापसाच्या गाठी उचलणारे सहा हमाल, टेंपो, खाली आठ गोधड्या. अडीचशे किलोचं धूड, आत जवळजवळ २३० तारा आणि त्यांचा मिळून कित्येक टनांचा ताण, रस्त्याचे खड्डे. मी टेंपोत मागे पियानोला धरून बसले होते. ट्यूनर दोन दिवस आधी मुंबईहून येऊन थांबले, पियानो जागेवर एक दिवस निवला तेव्हा कुठे त्यांनी किल्ली लावली.

दीडशे माणसं आली. निम्मी तिच्या गावची, दोन जीप भरून. तिने जर्मन संगीतकार शूमानचं 'ट्रॉयमेराय' वाजवलं. १८३८ मधली, तीनेक मिनिटांची रचना, एकाच सुरावटीला पुन्हा पुन्हा वर नेऊन बघणारी. दुसऱ्यांदा ती सुरावट चढली तेव्हा मागून कोणीतरी "वाऽ" म्हणालं. माझ्या अंगावर काटा आला. पियानोच्या मैफलीत मध्ये आवाज करायचा नसतो हे मी चाळीस वर्षं पाळत आलेली. पण तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. आजोबांच्या भजनात दाद अशीच यायची, तिला घरी आल्यासारखं वाटलं. युरोपातही एकोणिसाव्या शतकात श्रोते मध्येच टाळ्या वाजवायचे, ही शांतता नंतरची. त्या दिवसापासून मी माझ्या कार्यक्रमात कोणाला गप्प बसायला सांगत नाही. रचना संपली, शेवटचा सूर तिने संपू दिला, आणि त्या पूर्ण शांततेत पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "हाई पेटी त रडस वं माय!" इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल वर्तमानपत्रांत चार चांगले शब्द आले, ते सगळे मी जपून ठेवलेत. पण पियानोबद्दल इतकं खरं वाक्य मी वाचलेलं नाही.

पुढे ती मुंबईला आणि तिथून जर्मनीला शिकायला गेली. आज ती गायकांबरोबर पियानोची साथ करते, तोच तिचा व्यवसाय. तिने हे ठरवलं तेव्हा मी नाराज झाले होते. मला ती एकटीने रंगमंचावर हवी होती. मग तिने एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं, ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची गाणी. शूबर्टने सहाशेच्या वर गाणी लिहिली आणि त्यात पियानो गाण्याच्या मागे उभा नसतो, शेजारी चालत असतो. गायिकेने श्वास घेण्याआधी क्षणभर पियानो थांबला. गायिकेने कुठे श्वास घ्यायचा ते त्याला आधीच कळलेलं होतं. मला भजनी मंडळातले तिचे आजोबा आठवले, बुवांच्या ओठांकडे बघत पेटीवर बोटं तरंगत ठेवणारे. माझी नाराजी तिथे संपली.

आता तुमच्या मुलीसाठी काय करायचं ते सांगते.

कीबोर्ड बंद करा असं म्हणणार नाही, पण त्याच्या पट्ट्यांना वजन नसतं, त्यामुळे बोटांना जोर-हलकं करण्याची सवय लागत नाही आणि ती नंतर लावणं जड जातं. ८८ वजनदार पट्ट्यांचा, हॅमर अ‍ॅक्शनचा, म्हणजे दाबताना खऱ्या पियानोच्या हातोडीसारखा भार लागणारा, डिजिटल पियानो आणि पेडल घ्या. ४०-५० हजारांच्या आसपास सुरुवातीचा चांगला मिळतो. आवाजांची संख्या, ताल, दिवे यांकडे बघू नका. महिन्यातून दोनदा तरी तिला खऱ्या पियानोवर बसवा, मग तो चर्चमधला असो, शाळेतला असो की माझा.

जुना उभा पियानो घेण्याचा मोह होईल, दीड-दोन लाखांपासून मिळतो. घ्या, पण आपली हवा लक्षात घेऊन. वर्षभर हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहावी अशी पियानोची अपेक्षा असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि हवा कोरडी ठणठणीत, साउंडबोर्डचं, म्हणजे तारांमागच्या नाद घुमवणाऱ्या फळीचं, लाकूड आकसतं आणि सूर उतरतात. ऑगस्टमध्ये तेच लाकूड फुगून सूर चढतात. मुंबईवाले दमट हवेला उपाय म्हणून पियानोत बल्ब लावून ठेवतात, तो सल्ला इथे उन्हाळ्यात पाळलात तर लाकूड तडकेल. मी एप्रिल-मेमध्ये खालच्या फळीआड पाण्याचं पसरट भांडं ठेवते आणि पावसाळ्यात काढते. पश्चिमेच्या भिंतीला पियानो लावू नका, कूलरच्या झोताजवळ तर नाहीच. नमद्याला कसर लागते, वर्षातून दोनदा उघडून बघा. ट्यूनिंग वर्षाला निदान दोनदा, पावसाळा संपल्यावर एक आणि होळीनंतर एक. ट्यूनर मुंबईहून आणावा लागतो, म्हणून आसपासचे दोन-तीन पियानो असतील तर एकत्र बोलवा.

परीक्षा द्याव्यात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम, या लंडनच्या दोन परीक्षा संस्था, दोन्हींच्या आठ ग्रेड असतात. २०२० पासून व्हिडिओ पाठवूनही देता येतात, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतात. पण वर्षाला एक ग्रेड झालीच पाहिजे असं मानू नका. एक ग्रेड तीन-चार रचनांत उरकते, मुलाने वर्षात वीस-पंचवीस छोट्या रचना वाजवायला हव्यात. गाणं शिकवा. शक्य असेल तर हिंदुस्थानी गाणं शिकवा, त्याने पियानोचं नुकसान होत नाही, कान तयार होतो. दहाव्या वर्षी रोज चाळीस मिनिटं ते एक तास पुरे, तेही दोन तुकड्यांत. दहावीच्या वर्षी पियानो बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे, ती पाळू नका, निदान वीस मिनिटं चालू ठेवा. आणि सोळा-सतराव्या वर्षी, तिला स्वतःला हवं असेल तर, मुंबई किंवा परदेश. तोवर जळगाव पुरेसं आहे, हे मी ठामपणे सांगते.

मैफलीची कलाकार होईल का, ते आज ना मी सांगू शकते ना तुम्ही. तिला वाजवताना स्वतःचं ऐकू येतं का, एवढं मात्र एका सकाळीत कळतं.

माझी ती मुलगी डिसेंबरात पंधरा दिवस घरी येते. येते त्या दिवशी चहाच्या आधी पियानोशी जाते, पांढरी एक दाबते, उभ्यानेच, आणि आम्ही दोघी बोलायच्या थांबतो. त्या दिवसांत तुम्ही मुलीला घेऊन भुसावळला या. सकाळी नऊच्या आत आलात तर शांतता असते. कीबोर्ड आणू नका. तिची नखं तेवढी कापून आणा.